जखमी पाखराला आधी काळोख हवा

संक्रांत सरली की गोंदियातले पतंग खाली येतात, मांजा मात्र झाडांत आणि तारांवर तसाच राहतो. मग एखाद्या सकाळी पिंपळाच्या फांदीला घार उलटी लटकलेली दिसते. पंखाच्या सांध्यात नायलॉनचा दोरा रुतलेला असतो. सुटण्यासाठी ती जितकी फडफडते, तितका तो आत शिरतो. खाली गर्दी जमते. कुणी बांबू आणतो, कुणी पाण्याची बाटली.

दोरा ओढू नये. घार हाताला येण्यासारखी असेल तर जाड टॉवेल टाकून तिचे डोके झाकावे, जखमेच्या दोन्ही बाजूंनी मांजा कापावा आणि रुतलेला तुकडा डॉक्टरांसाठी तसाच ठेवावा. ती विजेच्या तारेवर अडकली असेल तर खांबावर चढू नये, वीज कंपनीला कळवावे. त्यानंतर भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घ्यावा, तळाशी सुती कापड घालावे आणि झाकण लावून खोका शांत खोलीत ठेवावा. अंधारात पाखराची धडपड थांबते, तो पहिला उपचार.

पाणी पाजू नये. तहानलेल्याला पाणी देणे हा आपला संस्कार, त्यामुळे हे लोकांना फार जड जाते. पण पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. चोचीत ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकते आणि मांज्यातून वाचलेली घार त्या पाण्याने दगावते.

चितळाचे दुखणे तर डोळ्यांना दिसतही नाही. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या गावात कुत्र्यांनी पिटाळलेले चितळ शिरते, माणसे त्याला घेरतात, दोर टाकतात. जखम किरकोळ असते. तरी त्या धास्तीने आणि धावपळीने स्नायू आतून झिजतात, मूत्रपिंडे बंद पडतात आणि जंगलात सोडलेले जनावर दोन-चार दिवसांत मरते. म्हणून कुत्री हाकलावीत, माणसे मागे घ्यावीत आणि वन विभागाची गाडी येईपर्यंत त्याला एकटे राहू द्यावे. मोठ्या उपचारांसाठी नागपुरात सेमिनरी हिल्सवर वन विभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे.

आता सारस. महाराष्ट्रात या पक्ष्याची वीण उरली आहे ती प्रामुख्याने गोंदियात, धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या काठी. विजेच्या तारांनी त्यांचे जीव घेतले आहेत. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून हा विषय हाती घेतला. इथे एकेक पक्षी मोलाचा आहे. बांधीत सारसाचे पिल्लू एकटे दिसले तरी ते बहुधा अनाथ नसते, आईबाप जवळपास असतात. उचलले तर मात्र ते अनाथ होते.

माया लावण्यातही धोका आहे. उत्तर प्रदेशात अमेठीजवळ एका शेतकऱ्याने पाय मोडलेला सारस बरा केला. पक्षी मोकळा होता, तरी त्याच्या मोटारसायकलमागे उडत राहिला. २०२३ मध्ये वन विभागाने तो नेला आणि अखेर त्याला कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात ठेवावे लागले. शेतकऱ्याच्या प्रेमात खोट नव्हती, पण सारसाला माणसाची सवय झाली होती.

प्राणी आपल्याजवळ ठेवू नये, हेच कायदाही सांगतो. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्यप्राणी ही सरकारी मालमत्ता आहे आणि असा प्राणी हाती आला तर ४८ तासांच्या आत कळवावे लागते. तेवढा वेळ घेऊ नका. खोका झाका आणि लगेच वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावा.