रमजान आणि मनाच्या आजाराची गोळी

(रमजानपूर्वी झालेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



मी डॉक्टर नाही, मौलानाही नाही. सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. तरी हा विषय मागून घेतला, कारण माझ्या चुलत भावाला बायपोलरचा आजार आहे. हे त्याच्या परवानगीनेच सांगतोय.

रमजानमध्ये आपल्या घराचं घड्याळ बदलतं. रात्री उशिरापर्यंत तरावीह, पहाटे सहरी, सकाळी परत ऑफिस. बहुतेकांना या महिन्यात बरं वाटतं. सोबत असते, दिवसाला शिस्त असते. ते मी नाकारत नाही. पण बायपोलर असलेल्या माणसाची झोप मोडली, तर प्रश्न नुसत्या थकव्याचा नसतो. त्यातून उन्मादाचा झटका सुरू होऊ शकतो. लिथियम घेणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढू शकतं. त्याचं उपयोगी प्रमाण आणि विषारी प्रमाण यांत अंतर फार थोडं असतं.

भावाने एका रमजानमध्ये कुणाला न सांगता सकाळची गोळी बंद केली. पंधराव्या रोज्यापर्यंत तो रात्र-रात्र जागायला लागला, बोलणं थांबेना, उधारीवर दोन मोबाईल आणले. घरात कौतुक चाललं होतं, पोरगा किती इबादत करतो! त्याची ईद दवाखान्यात गेली. शीरखुर्मा डब्यातून गेला आणि तसाच परत आला.

गोळी का सोडलीस, असं नंतर विचारलं. म्हणाला, "सगळ्यांसमोर पाणी कसं पिऊ? काय झालंय तुला, असं विचारतील."

सूरह बकरामधल्या 184 आणि 185 या आयतींत आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोज्यातून सवलत आहे, हे आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. तिथे शरीराचा आजार आणि मनाचा आजार अशी फोड नाही. ती आपण केली. इन्सुलिन घेणाऱ्या चाचांना आपण म्हणतो, तुम्ही फिदिया द्या, आराम करा. नैराश्याची गोळी घेणाऱ्या मुलीला म्हणतो, नमाज वाढव, इमान पक्कं कर. दहाव्या शतकात वारलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीराबरोबर मनाच्या आरोग्यावरही ग्रंथ लिहिला होता. हजार वर्षांनी आपण त्यांच्या मागेच आहोत.

चोरून खाण्याची सवय मात्र आपल्या घरांत जुनी आहे. पाळीच्या दिवसांत बायकांना रोजा नसतो, हे घरातल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक असतं. तरी त्या स्वयंपाकघराचं दार लोटून, भिंतीकडे तोंड करून दोन घास खातात. आणि संध्याकाळच्या इफ्तारची भजी त्याच तळतात. ज्या घरात धर्माने दिलेली सवलतही लपवावी लागते, तिथे मनाच्या आजाराची गोळी उघड्यावर कोण घेणार?

म्हणून काही साध्या गोष्टी. गोळ्या चालू असतील, तर शाबान महिन्यातच मनोविकारतज्ज्ञांना भेटा. काही औषधांच्या वेळा इफ्तार आणि सहरीला बसवता येतात, काहींच्या येत नाहीत. ते डॉक्टर ठरवतील, आपण किंवा गल्लीतले मामू नव्हे. घरात कुणी एकाएकी झोपेनासं झालं, फार बोलायला लागलं किंवा अगदी गप्प झालं, तर ईदची वाट बघू नका. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं.

ईदचा दिवसही सगळ्यांना सारखा नसतो. ज्यांच्या घरचं माणूस त्या वर्षी गेलंय, ज्यांना सुट्टी मिळाली नाही म्हणून जे हिंजवडीतल्या खोलीत एकटे आहेत, त्यांना "ईद मुबारक"चं चित्र पाठवून भागत नाही. फोन करा. फोनवर लग्न कधी, पगार किती, हे नका काढू.

आणि "रोजा आहे का?" हा प्रश्न, माझी विनंती आहे, या महिन्यात कुणालाच विचारू नका. आपल्या मंडळाच्या दुपारच्या बैठका रमजानमध्येही होतात. दरवर्षी त्या महिन्यात कोपऱ्यातला पाण्याचा जार आत नेऊन ठेवतात. यंदा तो जागेवरच राहू द्या, पेल्यांसकट.