मुरमाची वाट आणि सायकल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाला चौघींत बोलणे निराळे आणि असे उभे राहून बोलणे निराळे. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही निफाडला गेलात आणि चाळिशी उलटल्यावर सायकल शिकून आलात, तेवढेच सांगा." तेवढे मला सांगता येईल. हसू आले तर खुशाल हसा. पण शेवटपर्यंत ऐका.

गेल्या माघात भाचीच्या मुलाचे जावळ होते, म्हणून मी परभणीहून रेल्वेने मनमाडला व तिथून निफाडला गेले. नाशिक जिल्ह्यातला हा तालुका द्राक्षांचा. आपल्याकडे जिकडे पाहावे तिकडे हळद, सोयाबीन आणि तूर, तशा तिकडे द्राक्षबागा. खायच्या द्राक्षांचे वेल मांडवावर चढवलेले असतात. खालून गेले की डोक्यावर घड लोंबतात. वाइनची द्राक्षे निराळी. त्यांचे वेल तारांवर उभे बांधतात. मणी बारीक, साल जाड आणि आत बी. विंचूरला तर वाइनच्या कारखान्यांसाठी सरकारी वसाहतच आहे. आमचे जावई अशाच एका कारखान्यात कामाला आहेत. वाइन म्हटले की आपल्या कपाळाला आठ्या पडतात, माझ्याही पडल्या. मी त्या पिण्याची तारीफ करायला उभी नाही. मला सांगायचे आहे ते त्या बागांमधल्या वाटांविषयी.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाची सायकल काढून म्हणाली, "मावशी, चल." मी म्हटले, "अगं, मला येते कुठे?" ती म्हणाली, "शिकवते की." तिच्या सासूबाईंनी तिचा पंजाबी ड्रेस माझ्या हातात दिला. सासूच असे म्हणते म्हटल्यावर मी काय बोलणार!

पहिल्या दिवशी दोनदा पडले. दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवशी भाचीने मागचा हात कधी सोडला ते मला कळलेच नाही. मग रोज आम्ही दोघी बागांमधून खानगाव थडीच्या बाजूला जाऊ लागलो. थोडी डांबरी वाट, मग मुरमाची. तिथे गोदावरी आणि कादवा या नद्या मिळतात आणि नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. थंडीत दूरदेशीची बदके तिथे उतरतात. त्या पाणथळीला रामसर यादीत जागा मिळाली. महाराष्ट्रातली ती पहिलीच. नांदूर मधमेश्वरहून निघणाऱ्या जलद कालव्याचे पाणी आपल्या मराठवाड्यात वैजापूर-गंगापूरकडे जाते. आणि आपली येलदरीची पूर्णा पुढे जाऊन याच गोदावरीला मिळते. त्यामुळे ते पाणी मला परके वाटले नाही.

त्या वाटेवर मोटारी नाहीत, भोंगे नाहीत. बागेत छाटणीच्या काड्यांचे ढीग आणि घड उतरवणाऱ्या बाया. पुष्कळ जणी पेठ-सुरगाण्याकडून हंगामापुरत्या आलेल्या. मी डगमगत गेले की त्या हसायच्या, पण वाईट हसू नव्हे. चौथ्या दिवशी एक जण म्हणाली, "आज नीट चाललीस, बाई!" मला मॅट्रिक पास झाल्यासारखे वाटले.

जावई सांगत होते, फ्रान्स देशातही वाइनच्या बागांमधून अशाच वाटा आहेत आणि लोक मुद्दाम सायकली घेऊन तिथे जातात. तिथे मिदीचा कालवा म्हणून 240 किलोमीटरचा कालवा आहे. 1666 ते 1681 या वर्षांत तो खणला. पूर्वी काठावरून घोडे चालत आणि दोराने नावा ओढत. घोडे गेले, वाट राहिली. आता तिच्यावरून सायकली जातात. बोर्डो शहराजवळ रेल्वेचा जुना मार्ग बंद पडला, तर रूळ काढून त्याची सायकलवाट केली. 1937 साली फ्रान्सची मोठी सायकल शर्यत जिंकणारे रोजे लापेबी यांचे नाव तिला दिले. आणखी एक मौज. तिकडचा वेल थंडीत झोपतो, म्हणून वर्षातून एकदा छाटतात. आपल्याकडे वेलाला झोप नाही. एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशी दोनदा कात्री. मी मनात म्हटले, आपल्या बायकांसारखेच झाले, विश्रांती म्हणून नाही!

आता मुरमाच्या वाटेवर सायकल कशी चालवावी, ते मला कळले तेवढे सांगते. चाकात हवा अगदी कडक भरू नये. थोडी कमी असली की चाक घसरत नाही आणि हादरे कमी बसतात. टायर रुंद असावे. बैलगाडीच्या चाकोरीतून जावे, कडेच्या सुट्या खड्यांवर जाऊ नये. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. मी दाबला, तो गुडघा अजून दुखतो. कालव्याच्या काठी पाण्याच्या बाजूने जाऊ नये. ओढणी आणि पदर चाकापासून जपावा.

भगिनींनो, आता खरे बोलायचे ते बोलते. परत येताना गाडीत मला सारखे माझे माहेर आठवत होते. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा दुसऱ्या गावाला, मध्ये पांदण. बाबांनी सायकल घेतली ती दादासाठी. मी म्हटले, मलाही शिकू द्या. बाबा म्हणाले, "मुलीच्या जातीने सायकलवर बसायचे नसते. लोक काय म्हणतील?" दादा पुढे शिकला. मी चुलीशी राहिले. बाबांना मी दोष देत नाही. त्यांनी माझ्यावर माया पुष्कळ केली. पण ती पांदण माझ्यासाठी तिथेच संपली.

आणि मी काय केले? माझ्या मुलीला मानव विकास कार्यक्रमातून शाळेत सायकल मिळाली. महिनाभर ती आनंदाने गेली. मग कोणी काही बोलले, आणि मीच तिला म्हटले, "राहू दे, लोक काय म्हणतील?" बाबांचेच शब्द माझ्या तोंडून निघाले, आणि तेव्हा मला कळलेही नाही. सायकल गोठ्यात भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्यावर आम्ही गोणपाट वाळत घालत होतो.

निफाडहून आले त्याच दिवशी मी ते गोणपाट काढले. चाकात हवा भरून आणली आणि मुलीला म्हटले, "माझे चुकले." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सायकलवर शाळेत गेली. संध्याकाळी म्हणाली, "आई, आता तू बस, मी धरते."

आपल्या सेनगावात द्राक्षबागा नाहीत. पण मुरमाच्या वाटा आहेत. 2021 साली सरकारने मातोश्रींच्या नावाने शेत-पाणंद रस्त्यांची योजना आणली. पांदणीवर मुरूम पडला की तिथून शेतमालाची गाडी जाते, तशी सायकलही जाईल. आपल्या वाटेवर हळदीचा वास आहे, कयाधूचा काठ आहे. परतवारीच्या एकादशीला आपण नरसी नामदेवला पायी जातो, तेव्हा कोणी नावे ठेवीत नाही. मग सायकलवर गेलो तर का ठेवावी?

माझी मंडळाला विनंती एवढीच. ज्यांच्या घरी मुलींच्या सायकली पडून आहेत त्यांनी त्या बाहेर काढाव्यात. दर रविवारी सकाळी उन्हाआधी आपण पांदणीवर जमू. ज्यांना येते त्यांनी मागून धरावे, ज्यांना येत नाही त्यांनी बसावे. पहिल्या रविवारी दुसरे कोणी आले नाही, तरी आम्ही दोघी मायलेकी तिथे असू.