फोन घरातला, पिन मात्र आपला

सेमाडोहच्या बचत गटांतल्या आम्ही बाया आज तुमच्याशी बोलतो आहोत. माइकपुढे समन्वयक ताई एकटी बसली आहे, पण बोलणं आमच्या सगळ्यांचं आहे. काय सांगायचं आणि काय नाही, ते बैठकीत ठरवूनच आलो आहोत.

आजचा विषय मोबाईलवरचे खेळ आणि ॲप. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायांचं गेमशी काय काम? आम्हालाही तसंच वाटायचं. तेल-मीठ, बी-बियाणं, शेळ्यांचे भाव यांवर आम्ही तासभर बोलू. मोबाईलची गोष्ट निघाली की म्हणायचो, “ते पोट्ट्यायले समजते, आपल्याले काय समजते!”

थंडीच्या दिवसातली एक बैठक. आमच्यातल्या एका मैत्रिणीने शेळ्यांसाठी गटातून कर्ज घेतलं होतं. हप्ता एक हजाराचा. तोवर तिचा एकही हप्ता चुकला नव्हता. त्या दिवशी ती मागे जाऊन बसली. नाव पुकारलं तरी उठेना. विचारलं तर डोळ्यांना पदर लावला. खात्यात लाडक्या बहिणीचे दोन हप्ते, म्हणजे तीन हजार जमा होते. सकाळी बीसी सखीकडे अंगठा लावला तर शिल्लक निघाली तीनशे चाळीस रुपये.

पैसे कुठे गेले? तिचा मुलगा परतवाड्याला शिकायला आहे. घरातला एकच मोठा फोन त्याच्याकडे, आणि त्यातलं सिम आईच्या खात्याला जोडलेलं. पिनही आईनेच सांगितलेला, कारण पैसे आले-गेले ते तोच वाचून सांगायचा. पोरगा एक बंदुकीचा खेळ खेळायचा. खेळ फुकट, पण त्यातले हिरे आणि खेळाडूचे कपडे विकत. कधी ऐंशी, कधी दीडशे असं करत पैसे गेले. पैसे कटल्याचा प्रत्येक मेसेज त्याच फोनवर आला, आणि फोन त्याच्याच हातात. आईला कळणार कसं?

सुट्टीत तो गावी आला, खाली मान घालून बसला. म्हणाला, “माय, म्या जुगार नाही खेयलो. फकत कपडे घेतले.” ते खरंही होतं. एवढ्या छोट्या छोट्या रकमा मिळून शेळीचा हप्ता होतो, हे त्याने कधी जोडून पाहिलं नव्हतं.

गटाच्या नियमाप्रमाणे उशिराला दंड आहे. एकीने दंडाचं काढलंही. तेव्हा दुसरी बोलली, “दंड लावण्याआधी आपापले फोन पाहा.” मग होते तेवढे फोन सतरंजीवर ठेवले आणि एकेक पाहिला. एका फोनमधून दर महिन्याला आपोआप पैसे कटत होते, कशाचे ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. एकीला स्वतःच्याच फोनचं लॉक उघडता येत नव्हतं. पिन मुलाला किंवा नवऱ्याला माहीत नाही, अशी एकही बाई निघाली नाही. समन्वयक ताईसुद्धा नाही. दंडाचा विषय तिथेच मिटला. मैत्रिणीला हप्ता दोन बैठकींत फेडायची मुभा दिली.

त्यानंतर आम्ही खेळांची माहिती काढली. सगळे खेळ सारखे नसतात. एक नुसत्या करमणुकीचे. लुडो किंग घ्या. नवी मुंबईच्या कंपनीने २०१६ मध्ये काढलेला हा खेळ लॉकडाऊनमध्ये घरोघरी पोचला. लहानपणी ओट्यावर खडूने घरं आखून चिंचोक्यांनी खेळायचो, तसाच तो वाटतो. जाहिराती फार, पण पैसे न भरता खेळता येतो. दुसरे, पैसे लावून जिंकायचे खेळ. यांच्यावर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा केला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याची जाहिरात करणंही गुन्हा. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, त्यामुळे घरात कोणी यात अडकलं असेल तर लपवू नका, बोला. तिसरे खेळ म्हणजे फुकट सुरू होऊन आत दुकान मांडलेले. त्यांत पैसे जिंकायचे नसतात, म्हणून ते या कायद्याच्या बंदीत येत नाहीत. आमच्या मैत्रिणीच्या घरी हाच खेळ होता. इथे राखण घरानेच करायला हवी.

मग फोनच नको, असं काहीजणी म्हणाल्या. तेव्हा हरिसालचं नाव निघालं. आपल्याच रस्त्यावर, धारणीकडे जाताना लागणारं गाव. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०१६ मध्ये ते देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून पुढे आणलं. टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट, पडद्यावर दूरच्या डॉक्टरांचा सल्ला, अशा गोष्टी बोलल्या गेल्या. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी सभेत हरिसालचे व्हिडिओ दाखवले आणि गाव खरंच डिजिटल झालं का, यावर राज्यभर वाद पेटला. तो वाद पुढाऱ्यांचा. आम्ही एवढंच विचारलं, की ते सुरू होताना गावातल्या बायांना कोणी विचारलं असेल का, बायांनो, तुम्हाला यातलं काय हवं?

आम्हाला विचारलं तर आम्ही सांगू. फोन हवा. गटाचा हिशेब आता लोकोस ॲपवर चढतो. २०२४ मध्ये लाडकी बहीणचे अर्ज नारीशक्ती दूत ॲपवर भरले, पुढे केवायसीला ओटीपी लागला. तो ओटीपी ज्या हातात येतो, त्या हाताला आपल्या पैशाची चावी मिळते. म्हणून फोन टाकून द्यायचा नाही, चावी आपल्याकडे घ्यायची.

आम्ही ठरवलं ते असं. बँकेला जोडलेलं सिम बाईच्याच फोनमध्ये राहील, मग तो साधा बटणांचा का असेना. साध्या फोनवरूनही *९९# लावून शिल्लक पाहता येते. इंटरनेट लागत नाही, टॉवरची रेघ मात्र लागते, आणि ती आपल्याकडे कुठे मिळते हे तुम्हाला ठाऊकच आहे. पिन बदलायचा. जुना पिन आठवत नसेल तर त्याला एटीएम कार्ड किंवा आधार लागतं. नवा पिन घरातही कोणाला सांगायचा नाही. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो. कोणी “पैसे पाठवतो, पिन टाका” म्हणालं तर समजा, आपलेच पैसे जाणार आहेत. मोठ्या फोनमध्ये पैशाचं ॲप असेल तर ऑटोपे उघडून पाहा, अनोळखी कपात दिसली तर बंद करा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय आहे, ती चालू करा. आणि कोणी फसवलंच तर लाजत बसू नका. लगेच १९३० वर फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे हातचे जातात.

पोराला आम्ही फोनपासून तोडलं नाही. त्याला अभ्यासाला तो लागतोच. त्यात वेगळं सिम घातलं, बँक काढून टाकली. चैत्रात तो आईबरोबर पहाटे मोहफुलं वेचायला गेला आणि त्या पैशातले काही आईच्या हातात दिले. सगळे अजून फिटले नाहीत. पण आता दर बैठकीला आमची मैत्रीण आधी स्वतः *९९# लावून शिल्लक पाहते, वहीत लिहिते, आणि मग हप्ता ठेवते.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. फोन सतरंजीवर ठेवा आणि एकेक पाहा. काय सापडलं ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी ते सगळ्यांना सांगू. नमस्कार.