जबडा दुखतो तेव्हा

  आम्ही जुन्या जालन्यातल्या बचत गटातल्या बाया. दर महिन्याच्या बैठकीत हिशेब संपला की तब्येतीचा एखादा विषय बोलायचा, असं आम्ही ठरवलेलं आहे. बोलून बोलून जे कळलं ते तुमच्यापुढे मांडायला इथे येतो. आजचा विषय जबड्याचा. तुम्ही म्हणाल, जबड्याचं काय सांगायचं? आम्हालाही तसंच वाटलं होतं.

आमच्यातली एक ताई हळूहळू बैठकीत बोलेनाशी झाली. हळदीकुंकवाला आली तर तिळाचा लाडू ओटीतच ठेवायची. मकरसंक्रांतीची बाजरीची भाकरी तिनं ताटात तशीच ठेवली. आम्ही आपसात म्हणालो, हिला आता आपल्यातलं गोड लागत नाही. खरं काय होतं, तर तिला चावताच येत नव्हतं. कानाच्या पुढे ठणका लागायचा, तो गालातून कानशिलापर्यंत चढायचा. तोंड उघडलं की कट् असा आवाज यायचा. तिनं आधी कानात तेल घातलं. मग दाढच किडली असेल म्हणून दाढ काढून घेतली. दुखणं थांबलं नाही, तेव्हा तिनंच हट्ट धरून शेजारचीही काढली. दोन दाढा गेल्या, पैसे गेले, दुखणं तिथंच.

शेवटी एका दंतवैद्यांनी दात बघण्याआधी कानापुढे बोटं ठेवली आणि तोंड उघड-मीट करायला लावलं. ते म्हणाले, दुखणं दाताचं नाही, सांध्याचं आहे, फिजिओथेरपी करणाऱ्यांना भेटा. गुडघा आखडला, खांदा धरला की फिजिओथेरपी करतात हे आम्हाला माहीत होतं. जबड्यालाही करतात, हे त्या दिवशी कळलं.

आता ऐकता ऐकता एक करा. दोन्ही हातांची बोटं दोन्ही कानांच्या अगदी पुढे ठेवा आणि तोंड हळू उघडा, मिटा. बोटांखाली काहीतरी सरकतं ना? तोच जबड्याचा सांधा. दाराला जशा बिजागऱ्या, तसे खालच्या जबड्याला हे दोन सांधे. हाड एकच, सांधे दोन, त्यामुळे दोन्ही बरोबर हलावे लागतात. आत दोन हाडांच्या मध्ये एक मऊ चकती असते. ती जागेवरून थोडी सरकली की कट् आवाज येतो. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल, तोंड नीट उघडत असेल, तर घाबरायचं कारण नाही. त्याला औषध लागत नाही.

दुखतं ते बहुतेक वेळा सांध्याभोवतीचे स्नायू थकल्यामुळे. दात घट्ट आवळा आणि गालावर हात ठेवा. गालात जो गोळा टणक होतो, तो चावायचा स्नायू. दिवसभरात दातावर दात टेकायचे ते फक्त घास चावताना आणि गिळताना. बाकी वेळ दात सुटे असायला हवेत. पण आपण काय करतो? राग आला की दात-ओठ खातो. डोक्यावर मोळी किंवा घागर घेतली की दात आवळतो. कापसाचं ओझं उचलताना आवळतो. दातानं ऊस सोलतो, सुपारी फोडतो, दोरा तोडतो. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून भाकरी थापतो. मान सतत पुढे आणि वाकडी राहिली की मानेचे स्नायू आखडतात आणि त्याचा ताण जबड्यावर येतो. हे दुखणं पुरुषांपेक्षा बायांना जास्त होतं, आणि तेही ऐन कामाच्या वयात.

आमच्या ताईला तिथे विचारलं, रात्री दात खाता का? ती नाही म्हणाली. सोबत सासूबाई होत्या, त्या म्हणाल्या, ‘खाते की! रात्री दाणे भरडल्यागत आवाज येतो.’ कधी जास्त येतो, असं विचारलं तर सासूबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, ‘हप्ता जवळ आला की.’ हे ऐकून आम्ही गप्प झालो. त्या हप्त्यातला एक आमच्याच गटाचा होता.

आता उपाय. पहिला उपाय विश्रांती. जबड्याला विश्रांती म्हणजे गप्प बसणं नव्हे. ओठ मिटलेले, दात सुटे आणि जिभेचं टोक टाळूला. ‘ल’ म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मागे जिथे टेकते, तिथे ती हलकी टेकवून ठेवायची. दिवसातून अनेकदा आठवण करायची. आमच्या ताईनं चुलीजवळच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं: ‘दात सुटे’. पाणी भरताना, भांडी घासताना तिकडे नजर गेली की ती दात सोडायची.

दोन-तीन आठवडे मऊ खायचं. भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, मऊ भात, खिचडी, ज्वारीच्या कण्या, शिजवलेल्या भाज्या. फुटाणे, हुरडा, ऊस, कडक लाडू तेवढे दिवस नको. आपल्या जालन्याची मोसंबी खा, पण फोडी सोलून, लहान करून. घास लहान घ्या, दोन्ही बाजूंनी चावा. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरा, म्हणजे तोंड फार ताणलं जाणार नाही.

दुसरा उपाय शेक. फडकं गरम पाण्यात बुडवून पिळा, आधी मनगटावर लावून बघा, मग गालावर आणि कानापुढे १५ मिनिटं धरा. दिवसातून दोनदा. नंतर दोन बोटांनी गालाचा तो टणक गोळा हळू, गोल गोल चोळा. जोर लावायचा नाही.

तिसरा उपाय व्यायाम. हे चार व्यायाम ताईला शिकवले, तिनं आम्हाला शिकवले.

पहिला: जीभ टाळूला टेकवा. ती सुटू न देता तोंड जेवढं उघडेल तेवढंच हळू उघडा, मग मिटा. शक्यतो आरशासमोर करा. हनुवटी एका बाजूला पळत असेल तर तिला सरळ खाली आणायचा प्रयत्न करा. ६ वेळा.

दुसरा: हनुवटीखाली अंगठा ठेवा. तोंड थोडंसं उघडायचं आणि अंगठ्यानं हलकं अडवायचं. जोर किती? अंडं फुटणार नाही इतकाच. ६ आकडे मोजा, सोडा. ६ वेळा.

तिसरा: हनुवटीच्या उजव्या बाजूला दोन बोटं ठेवा. जबडा उजवीकडे न्यायचा आणि बोटांनी तसाच हलका अडवायचा. मग डावीकडे. दोन्हीकडे ६-६ वेळा.

चौथा मानेचा: भिंतीला पाठ टेकून बसा. मान न वाकवता हनुवटी सरळ मागे ओढा, गळ्याखाली वळी पडेल अशी. ६ आकडे मोजा, सोडा. ६ वेळा.

हे सगळं व्हायला पाच मिनिटंही लागत नाहीत. दिवसातून ५-६ वेळा थोडं थोडं करायचं, एकदाच खूप नाही. थोडं ताणल्यासारखं वाटेल, ते चालतं. दुखणं वाढलं आणि वाढलेलंच राहिलं तर थांबा आणि दाखवा. बहुतेकांना अशा साध्या उपायांनी काही आठवड्यांत फरक पडतो, कुणाला काही महिने लागतात. रात्री दात फार खात असाल तर दंतवैद्य दातांवर बसवायची एक पट्टी बनवून देतात.

आणि काय करायचं नाही तेही ऐका. कुणाकडून जबड्याला झटका देऊन घ्यायचा नाही. कानात तेल घालायचं नाही. दाढ किडली आहे हे नीट तपासल्याशिवाय काढून घ्यायची नाही. गेलेली दाढ परत येत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि ती जास्त काळजीची. आपली तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून पुढच्या दातांच्या मध्ये घालून बघा. जातात? मग तोंड नीट उघडतं. दोनच जात असतील तर दाखवून घ्या. आणि सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्याच्या तोंडात दोनच बोटं जात असतील, तिखट लागलं की आग होत असेल, गाल आतून पांढरट आणि ताठ झाले असतील, तर हे सांध्याचं दुखणं नाही. सुपारीमुळे गालाच्या आतली मऊ कातडी कडक होते, तिच्यात दोरीसारखे पट्टे तयार होतात आणि तोंड हळूहळू बंद होत जातं. पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो.

हा पुरुषांचाच रोग आहे असं समजू नका. १९५२ साली पहिल्यांदा एका डॉक्टरांनी याची नोंद केली, ती आफ्रिकेतल्या केनियात राहणाऱ्या ५ भारतीय बायांवरून. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी इथल्या रुग्णांबद्दल लिहिलं. आपल्या राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो पोरांच्या खिशात सापडतो. आणि तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोग करते. जेवणानंतर आपणच मुलांच्या हातावर गोड सुपारी ठेवतो, तेव्हा हे आठवा. मिश्री लावणाऱ्यांनीही ऐकावं, कुणी तिला मशेरी म्हणतं. ती जाळलेली तंबाखूच आहे.

या रोगातही तोंड उघडायचे व्यायाम असतात. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि दिवसागणिक एकेक वाढवायची. पण ते डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणेच करायचं, आणि सुपारी सुटली तरच त्याचा उपयोग. जे आखडलं ते पूर्ण पहिल्यासारखं होत नाही, म्हणून लवकर जायचं. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या नंबरवर फोन करा, पैसे लागत नाहीत. हा नंबर तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो.

काही वेळा मात्र व्यायाम करत बसायचं नाही, लगेच जायचं. जांभई देताना जबडा उघडाच अडकला तर. जबडा सुजला आणि ताप आला तर. खिळा, काटा, विळा लागल्यावर काही दिवसांनी दातखीळ बसली तर, कारण तो धनुर्वात असू शकतो. पडून किंवा मार लागून जबडा दुखत असेल तर. मार कुणाचा, हे डॉक्टरांना सांगायला लाजू नका. चालताना, काम करताना जबडा दुखतो, सोबत छाती भरते, घाम फुटतो, दम लागतो, तर ते हृदयाचं असू शकतं. १०८ ला फोन करा. आणि तोंडातली जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही तर, दुखत नसला तरी दाखवा.

जायचं कुठे? आधी आशाताईला विचारा. गावच्या आरोग्य केंद्रात ३० वर्षांवरच्या सगळ्यांचं तोंड कर्करोगासाठी तपासायची सोय आहे, तिचा हक्कानं उपयोग करा. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात दंतविभागाची चौकशी करा आणि फिजिओथेरपीचंही विचारा. मोठी अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, घाटी दवाखान्याजवळ. जाताना कधीपासून दुखतं, कशानं वाढतं, आधी काय काय केलं, हे कागदावर लिहून न्या.

आमच्या ताईला दोन महिन्यांनी बराच आराम पडला. ऊस अजून खात नाही, भाकरी खाते. हप्त्याचं म्हणाल, तर आम्ही सगळ्या मिळून तिचा हिशेब पुन्हा मांडला आणि आमच्या गटाचा हप्ता दोन भागांत घ्यायचं ठरवलं. सासूबाई सांगतात, आवाज कमी झाला आहे. आणि आम्ही एक शिकलो. बैठकीत एखादी गप्प झाली, तिनं ताटातलं सोडलं, तर तिच्या माघारी बोलायचं नाही, तिलाच विचारायचं.

तुमच्या पुढच्या बैठकीत तुम्हीही पाच मिनिटं काढा. सगळ्यांनी तीन बोटांची तपासणी करा आणि हे चार व्यायाम एकमेकींना दाखवा. हसू येईल, येऊ द्या. घरी जाऊन नवऱ्याची, पोरांचीही बोटं मोजा.

बरं, येतो आम्ही. दात सुटे ठेवा. नमस्कार.