संवादाचे साधन, सहवासाचा पर्याय नव्हे

(ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



२०११च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. त्यानंतर ती वाढतच गेली आहे. पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत कित्येक सदनिकांत आज केवळ वृद्ध पती-पत्नी, किंवा त्यांच्यापैकी मागे उरलेले एकच जण राहते. मुले बंगळुरूला, नाहीतर अमेरिकेत. अनेकांना पैशाची ददात नाही. पण बोलायला माणूस नाही. हे दुःख केवळ आपले नाही. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमले.

यावर तंत्रज्ञान काय करू शकते? जपानमध्ये ‘पारो’ नावाचे सीलच्या पिलासारखे दिसणारे यंत्र आहे. कुरवाळले की ते डोळे मिचकावते, आवाज काढते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना त्याने शांत वाटते, असा अनेक शुश्रूषागृहांचा अनुभव आहे. त्याला हसण्याचे कारण नाही. परंतु ज्या घरात नातू येऊ शकतो, तेथे यंत्र आणून ठेवणे हे कर्तव्याचे पालन नव्हे, कर्तव्यातून पळवाट आहे.

आपल्या हातातील मोबाईलचे मोल निराळे आहे. तो माणसाची जागा घेत नाही, माणसापर्यंत नेतो. उन्हाळ्यात पुण्यात सकाळचे साडेसात वाजतात, तेव्हा कॅलिफोर्नियात आदल्या दिवसाचे सायंकाळचे सात वाजलेले असतात. आजी चहा घेत आहेत, तिकडे नात जेवायला बसली आहे. रोज ही दहा मिनिटे ठरलेली असली, तर दिवसाला एक आधार मिळतो.

अडचण यंत्राची नाही, शिकवणाऱ्याच्या धीराची आहे. “मागच्या वेळी सांगितलं होतं ना!” हे एक वाक्य ऐकले की आजोबा पुन्हा विचारत नाहीत. अक्षरे मोठी करून द्यावीत, बोलून मजकूर कसा लिहावा ते दाखवावे, पायऱ्या वहीत मराठीत लिहून द्याव्यात आणि त्यांच्याच हातांनी करवून घ्यावे.

सावधगिरीही शिकवली पाहिजे. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही अटक कायद्यात नाही. असा फोन आल्यास तो बंद करावा, घरच्यांना सांगावे. पैसे गेलेच, तर विनाविलंब १९३० वर कळवावे. एकाकी माणूस लवकर फसतो, आणि फसल्यावर लाजेने गप्प राहून अधिकच एकाकी होतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही निःशुल्क राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे. हे दोन्ही क्रमांक प्रत्येक घरात दूरध्वनीजवळ ठळक लिहिलेले असावेत.

तरुण मित्रहो, आपल्या वस्तीत एकटे राहणारे ज्येष्ठ किती, याची यादी करा. आठवड्यातून एक तास त्यांच्यासाठी ठेवा. निमित्त मोबाईल शिकवण्याचे असू द्या. शिकवून झाल्यावर मात्र लगेच उठू नका, चहाला थांबा. त्यांना सांगण्यासारखे पुष्कळ असते, आणि आपल्याला ऐकण्यासारखेही.