नदीचा सातबारा



या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून थेट विषयाला हात घालतो. माझी आज एकच मागणी आहे. आपल्या जीवशास्त्र विभागांतले काम विद्यार्थ्याच्या पदवीबरोबर संपू नये.

आपले नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. त्याआधी पीएच.डी.ची नोंदणी असो की मौखिकी, इथल्या माणसाला औरंगाबाद गाठावे लागे. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले. परीक्षेच्या तयारीच्या ज्या ‘लातूर पॅटर्न’शी त्यांचे नाव जोडले जाते, त्याचा आपल्या वर्गांवर आजही मोठा परिणाम आहे. आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलामुलींनी बारावीला जीवशास्त्राचे पुस्तक ओळ न् ओळ पाठ केलेले असते. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत थोडक्या गुणांनी नंबर हुकतो आणि ती बी.एस्सी.ला येतात. घरचे म्हणतात, ‘आता काय, झालं ते झालं.’ ही मुले हरून आलेली नाहीत, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगायला हवे. आणि सांगण्यापेक्षा त्यांच्या हातात काम द्यायला हवे.

कसले काम, ते सांगतो. मराठवाड्यात प्राणिशास्त्राची एक जुनी परंपरा आहे, चपट्या कृमींच्या अभ्यासाची. औरंगाबादला डॉ. जी. बी. शिंदे यांच्या हाताखाली तयार झालेल्या विद्यार्थ्यांनी ती गावोगावच्या महाविद्यालयांत नेली. विद्यार्थी सकाळी लवकर खाटिकखान्यात जातो, शेळीचे आतडे घेऊन येतो, ट्रेमध्ये ते लांबीत चिरतो. आतल्या अस्तराला चिकटलेला कृमी ओढून काढला तर त्याचे डोके आतच राहते आणि डोक्याशिवाय ओळख पटत नाही. म्हणून ब्रशने, पाणी सोडत सोडत, तो हळूच मोकळा करायचा. मग गरम फॉर्मॅलिन, हॅरिसचे हिमॅटॉक्सिलिन. रंग जास्त चढला तर सगळाच काळा दिसतो, मग आम्लयुक्त अल्कोहोलने तो उतरवत बसायचे. पुढे अल्कोहोलच्या पायऱ्या, झायलॉल, डीपीएक्स. शेवटी कॅमेरा ल्युसिडा. त्यात डोळ्याला कृमी आणि पेन्सिलचे टोक एकाच वेळी दिसतात, आणि कागदावर रेघ उमटू लागते. बारावीला ज्याने ‘स्कोलेक्स’ हा शब्द चार पर्यायांतून निवडला होता, तो ते चूषक स्वतःच्या हाताने काढत असतो. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते, त्यासाठी मी आयुष्यभर शिकवले.

पुढे मात्र काय होते? प्रबंध बांधून येतो, मौखिकी होते, पेढे वाटले जातात. काचपट्ट्यांची पेटी टेबलाखाली जाते. दोन पावसाळ्यांत लेबलवरची शाई पुसट होते. कोणत्या गावची शेळी, कोणता महिना, काही वाचता येत नाही. आणि पुढच्या वर्षीचा विद्यार्थी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. एक-दोन नमुन्यांवर नवी जाती जाहीर केली जाते आणि तिची मूळ काचपट्टी दुसऱ्या अभ्यासकाला पाहायलाच मिळत नाही, हे आपल्या विषयाचे मोठे दुखणे आहे. आता डीएनएवरून त्या जाती पडताळता येतात. पण फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या नमुन्यातून चांगला डीएनए मिळणे कठीण. त्याच आतड्यातले दोन कृमी अल्कोहोलच्या बाटलीत ठेवायला खर्च फार येत नाही. ती बाटली ठेवायला कपाट आणि सांभाळायला माणूस मात्र विभागानेच द्यावा लागेल.

पाण्याच्या अभ्यासाचेही असेच आहे. विद्यापीठ विष्णुपुरीला, गोदावरीच्या काठी. लातूरच्या उपकेंद्राला मांजरा खोरे जवळ. आपल्या भागातल्या कितीतरी जलाशयांवर प्रबंध झाले आहेत, आणि बहुतेकांचा आराखडा एकच: दोन वर्षे, दरमहा नमुना, तापमान, सामू, विरघळलेला ऑक्सिजन, प्लवंगांची यादी. दोन वर्षे संपली की नोंद थांबते. आपल्या शेताच्या गट नंबरला पीकपेऱ्यासह सातबारा असतो, कोणत्या साली काय पेरले ते तलाठ्याकडे सापडते. मला नदीचा असा सातबारा हवा आहे.

एप्रिल २०१६ आठवा. मांजरा धरण आटले होते आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी पुढे पाऊस झाला, पाणी परत आले. पण धरण म्हणजे नुसते पाणी नव्हे. तळातल्या चिखलात काय तग धरून राहिले, कोणती गोगलगाय आधी परतली, कोणता मासा परतलाच नाही, याचे उत्तर दुष्काळानंतर दोन वर्षे नमुने घेऊन मिळत नाही. त्यासाठी दुष्काळाआधीची दहा वर्षे हाताशी लागतात.

गोगलगायीचे नाव आले म्हणून सांगतो. २०२२च्या पावसाळ्यात शंखी गोगलगायींनी लातूर जिल्ह्यात सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. शेतकऱ्यांनी रात्री विजेरी घेऊन त्या वेचल्या, बांधावर चुना टाकला, दुबार पेरणी केली. कृमींचा अभ्यास करणाऱ्या आपल्या माणसांना गोगलगायी चांगल्या माहीत असतात, कारण कितीतरी कृमींचे आयुष्य गोगलगायीतूनच पुढे सरकते. बांधाच्या गोगलगायींची दरवर्षी जून-जुलैत मोजणी करणारे एक महाविद्यालय तालुक्याला असते, तर त्या वाढताहेत हे आधीच कळले असते. हे मी ठामपणे म्हणतो.

सलग नोंदीला आधार लागतो, आणि वनस्पतिशास्त्रात तो आपल्याला मिळालेला आहे. डॉ. वि. ना. नाईक यांचा उस्मानाबादच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९७९चा. लातूर जिल्हा उस्मानाबादमधून वेगळा झाला १९८२मध्ये. म्हणजे आजचा लातूर जिल्हा बहुतांश त्या ग्रंथात आहे. त्यानंतर १९९८मध्ये त्यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींचा ग्रंथ आला. त्या काळानंतर ज्वारी मागे पडली, सोयाबीन पसरले, तणनाशक आले. लातूरात जंगल तसेही नावालाच. तिथली विविधता बांध, गायरान, ओढा आणि देवस्थानच्या जमिनी यांवरच टिकून आहे. नाईकांची यादी हातात घेऊन त्याच ठिकाणी, त्याच महिन्यात उभे राहणे, हा एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा विषय आहे. महागडे यंत्र लागत नाही. एसटीचे तिकीट, वनस्पती दाबायची पाटी आणि जुनी वर्तमानपत्रे पुरतात.

मला मान्य आहे, सांगणे सोपे आहे. मुखेड, किनवट, निलंगा, देगलूरहून आलेला विद्यार्थी खोलीभाडे आणि मेसचे पैसे कसे भरतो, हे मी पाहिले आहे. शिष्यवृत्ती कागदावर मंजूर असते आणि हातात महिनोन्‌महिने येत नाही. दुपारी प्रयोगशाळेत, रात्री अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचे पुस्तक. त्याला दोष कसा द्यायचा? मुलींना नमुने आणायला एकटीने धरणावर जाऊ देत नाहीत, आणि मग त्यांच्या प्रबंधाचा विषय भीतीने ठरतो. म्हणूनच मी एकेका विद्यार्थ्यावर भार टाकत नाही. पाच जणांचा गट जावा, विभागाचे वाहन जावे, नोंदवही विभागाची असावी. ज्याला नोकरी लागेल तो वही पुढच्याच्या हाती देऊन आनंदाने जाईल.

माझी सूचना नेमकी अशी. गोदावरी आणि मांजरा यांवर प्रत्येकी तीन ठिकाणे ठरवावीत. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नमुना घ्यावा. नोंद मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही भाषांत व्हावी, म्हणजे काठावरच्या भोई बांधवांना आणि ग्रामपंचायतीला ती वाचता येईल. गावाच्या जैवविविधता नोंदवहीत तिची प्रत जावी. काचपट्ट्या, बाटल्या आणि वाळवलेले नमुने एका खोलीत, क्रमांकासह राहावेत. प्रबंध सादर करताना नमुने जमा केल्याची पावती जोडणे बंधनकारक असावे. दुपारच्या खुल्या अधिवेशनात हे ठरावाच्या रूपात मांडावे, त्यावर मोकळी चर्चा व्हावी, आणि येत्या जूनमधला पहिला नमुना कोण घेणार त्या दोन महाविद्यालयांची नावे आजच लिहून घ्यावीत, अशी अध्यक्ष या नात्याने विनंती करतो.