कामगारांचा प्रतिनिधी कोणी ठरवायचा?

(कामगार दिनानिमित्त कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कामगार दिनाच्या सभेत वेतन, बोनस आणि महागाई यांवर बोलण्याची आपली परंपरा आहे, आणि ती योग्यच आहे. आज मात्र या सर्वांच्या आधी येणाऱ्या एका प्रश्नाकडे मी आपले लक्ष वेधणार आहे. वाटाघाटीच्या वेळी कामगारांच्या वतीने जो मालकासमोर बसतो, त्याला तेथे बसण्याचा अधिकार कोण देतो? सरकार देते, मालक देतो, की कामगार देतात? लोकशाहीत या प्रश्नाला एकच उत्तर संभवते. आपल्या कायद्यांनी मात्र ते उत्तर स्पष्टपणे देण्याचे जवळजवळ शंभर वर्षे टाळले आहे.

सत्यशोधक परंपरेचा वारसा सांगणाऱ्या या नगरीत नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण प्रथम केले पाहिजे. १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांनी जे निवेदन तयार केले, त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. १८९० मध्ये बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी राहिली आणि त्याच वर्षी जून महिन्यात रविवारची साप्ताहिक सुटी पदरात पडली. या संस्थेला रीतसर सभासद नव्हते, वर्गणी नव्हती, आजच्या अर्थाने ती युनियनही नव्हती, असा आक्षेप पुढे अभ्यासकांनी घेतला. तो तांत्रिकदृष्ट्या खरा आहे. परंतु लोखंडे कोणाच्या वतीने बोलतात असे कोणी विचारले असते, तर त्यांच्यापाशी त्या सह्या होत्या. त्यांचा अधिकार कामगारांकडून आलेला होता.

कायद्याने अधिकार देण्याचा काळ नंतर आला. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने युनियनची नोंदणी करता येऊ लागली. पण नोंदलेल्या युनियनशी मालकाने बोललेच पाहिजे, असे बंधन त्यात नव्हते. १९४७ मध्ये सक्तीच्या मान्यतेची तरतूद करणारी दुरुस्ती संमत झाली, पण ती अमलात कधीच आणली गेली नाही. मुंबई प्रांताने १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा करून वेगळी वाट धरली. एका क्षेत्रातील एका उद्योगात ज्या युनियनचे सभासद २५ टक्के असतील, ती त्या उद्योगातील सर्व कामगारांची प्रातिनिधिक युनियन ठरू लागली. सभासदसंख्या ठरवायची ती वह्या-पावत्या तपासून, आणि तपासणारा सरकारी रजिस्ट्रार. उरलेल्या ७५ टक्क्यांना काय वाटते, हे विचारण्याची सोय कायद्यात नव्हती.

त्याच सुमारास कॅनडाने या प्रश्नाचे दुसरे उत्तर शोधले, आणि ते पाहण्यासारखे आहे. तेथेही हा हक्क सहज मिळाला नाही. १९१९ मध्ये विनिपेग शहरात सुमारे तीस हजार कामगारांनी सहा आठवडे सार्वत्रिक संप केला. त्यांच्या मागण्यांत वेतनाबरोबरच, मालकांनी कामगारांच्या संयुक्त मंडळाशी बोलावे, ही प्रमुख मागणी होती. संप दडपला गेला, गोळीबार झाला, पुढाऱ्यांना अटक झाली. अटक झालेल्यांपैकी जे. एस. वुड्सवर्थ पुढे तेथील समाजवादी पक्षाचे, सी. सी. एफ. चे, पहिले नेते झाले. पाव शतकानंतर, महायुद्ध चालू असताना १९४४ मध्ये, तेथील सरकारला हुकूम काढावा लागला की, बहुसंख्य कामगारांनी निवडलेल्या युनियनशी मालकाने वाटाघाटी केल्याच पाहिजेत. विंडसर येथील फोर्ड कारखान्यातील ९९ दिवसांच्या संपानंतर न्यायमूर्ती आयव्हन रँड यांनी जानेवारी १९४६ मध्ये निवाडा दिला. कराराचा लाभ सर्वांना मिळतो, म्हणून वर्गणी सर्वांनी द्यावी, मात्र सभासद होण्याची सक्ती कोणावर नसावी, असा तो निवाडा होता.

म्हणजे १९४६ मध्ये मुंबईने आणि कॅनडाने एकच गोष्ट मान्य केली: एका ठिकाणी एकाच युनियनने सर्वांच्या वतीने सौदा करावा. फरक पुढे आहे. तेथे त्या युनियनला बहुमत सिद्ध करावे लागते, आणि ठरावीक मुदतीत कामगार मतदानाने तिला दूरही करू शकतात. येथे एक-चतुर्थांशावर काम भागले, आणि एकदा मिळालेले आसन हलवण्याचा मार्ग रजिस्ट्रारच्या कचेरीतून जाऊ लागला.

याचे फळ १९८२ मध्ये दिसले. १८ जानेवारीला मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला. कायद्याने प्रतिनिधी होता राष्ट्रीय मिल मजदूर संघ; कामगार होते सामंतांच्या मागे. ज्या संस्थेला बोलण्याचा अधिकार होता तिच्यामागे कामगार नव्हते, आणि ज्याच्यामागे कामगार होते त्याला बोलण्याचा अधिकार नव्हता. म्हणूनच वेतनवाढीइतकीच हा कायदा रद्द करण्याची मागणीही संपाच्या केंद्रस्थानी आली. तो संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. तो विझत गेला, आणि त्याच्याबरोबर लाखाहून अधिक संसार उद्ध्वस्त झाले.

गुप्त मतदान झाले असते तर गिरण्या वाचल्या असत्या, असे मी म्हणणार नाही. यंत्रसामग्री जुनाट झाली होती, कापड यंत्रमागांकडे सरकत होते आणि गिरण्यांची जमीन कापडापेक्षा मोलाची ठरू लागली होती. परंतु संप कोणाशी बोलून मिटवावा, हा प्रश्न तरी शिल्लक राहिला नसता. तडजोड करण्याचा अधिकार असलेला आणि ती कामगारांच्या गळी उतरवू शकणारा माणूस एकच असता. मतदानाने संप वाढतात, ही समजूत म्हणूनच उलटी आहे.

मतदानाविरुद्धचा युक्तिवाद आपण प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. कामगार क्षणिक लोकप्रियतेला भुलतात, भरमसाट आश्वासने देणाऱ्याला मते देतात. वर्षानुवर्षे वर्गणी भरणारा सभासद हाच खरा निकष, असे सांगितले जाते. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ मध्ये सक्तीच्या मान्यतेची शिफारस केली. पण ती मतदानाने ठरवावी की सभासदांच्या पडताळणीने, हा निर्णय नियोजित औद्योगिक संबंध आयोगावर सोपवला. महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्यात ३० टक्के सभासदत्वाची अट घातली. मतदान तेथेही नाही. माझा साधा प्रश्न असा: जो कामगार आमदार आणि खासदार निवडण्याइतका शहाणा आहे, तो आपल्या युनियनचा पुढारी निवडताना अचानक अज्ञानी कसा ठरतो?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत विलीन झाले. औद्योगिक संबंध संहितेने, अनेक युनियन असतील तेथे, मस्टरवरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला वाटाघाटीचा एकमेव अधिकार दिला आहे. बहुमताचे तत्त्व अखेर केंद्रीय कायद्यात आले, हे मान्य केले पाहिजे. पण पाठिंब्याची पडताळणी कशी करायची, हे संहितेत न लिहिता नियमांवर सोडले आहे. आणि नियम सरकार बदलू शकते. त्याच संहितेने संपासाठी सर्व उद्योगांत पूर्वसूचना सक्तीची केली आणि कामगारकपातीला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. एका हाताने प्रतिनिधी दिला आणि दुसऱ्या हाताने त्याचे बळ काढून घेतले.

त्याहून मूलभूत प्रश्न ‘मस्टर’ या शब्दात दडला आहे. आपल्याच जिल्ह्याकडे पाहा. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये स्थापन केलेली शाहू मिल बंद पडून कित्येक वर्षे झाली. कापड विणले जाते ते इचलकरंजीच्या शेडमध्ये. तेथे मजुरी पिकांच्या हिशेबाने. एका मालकाचे माग अनेक नावांवर, आणि कामगाराचे नाव पुष्कळदा कोणत्याच मस्टरवर नाही. आता विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्याच १० ऐवजी २० कामगारांपासून सुरू होते. २०१३ मध्ये याच कामगारांनी महिन्याहून अधिक काळ संप करून मजुरीवाढ मिळवली. पण जेथे मस्टरच नाही, तेथे ५१ टक्के कशाचे मोजायचे?

ऊसतोडणी कामगारांची गोष्ट याहून कठीण. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल मुकादमाकडून, काम साखर कारखान्याचे, आणि मालक कोण असे विचारले तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवणार. तोडणीचा दर संघटना, साखर संघ आणि राजकीय पुढारी यांच्या बैठकांत ठरतो. पहाटे थंडीत फडात उतरणाऱ्या स्त्रीला त्या दराविषयी मत देण्याची संधी कधीच मिळत नाही.

यावर मार्ग नाही असे नाही. तो महाराष्ट्रानेच दाखवला आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. ज्या हमालाला एक मालक नाही, त्याची नोंदणी मंडळाकडे. मालकाने मजुरी आणि लेव्ही मंडळाकडे भरायची. त्यातून भविष्यनिर्वाह निधी व इतर लाभ. यंत्रमाग आणि ऊसतोडणी यांना हाच नमुना लावता येईल. त्यात एकच सुधारणा हवी. माथाडी मंडळांवर कामगारांचे प्रतिनिधी सरकार नेमते. नव्या मंडळांवर ते नोंदलेल्या कामगारांनी गुप्त मतदानाने निवडले पाहिजेत.

हीच कसोटी आपण स्वतःलाही लावली पाहिजे. आपल्या किती युनियनमध्ये पदाधिकाऱ्यांची खरी निवडणूक होते? किती ठिकाणी करारावर सही होण्यापूर्वी तो सभासदांपुढे मतासाठी ठेवला जातो? तहहयात अध्यक्ष असलेल्या संघटनेने सरकारकडे लोकशाही मागावी, यात नैतिक बळ राहत नाही.

मतपेटी हा रामबाण उपाय नव्हे, हेही कॅनडाच सांगतो. सी. सी. एफ. च्या सस्कॅचेवान सरकारने १९६२ मध्ये सुरू केलेली सार्वजनिक आरोग्य विमा योजना पुढे देशभर पसरली. पण तिचा वारसा सांगणारा न्यू डेमोक्रॅटिक पक्ष एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत सात जागांवर आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअर कॅनडाच्या विमानसेविका व सेवकांनी संप करताच काही तासांत सरकारने त्यांना कामावर परतण्याचा आदेश दिला. त्यांनी तो मानला नाही, आणि तीन-चार दिवसांत समझोता झाला. आदेश झुगारण्याचे धैर्य त्यांच्यात आले, कारण संपाचा कौल त्यांनी स्वतः मतदानाने दिलेला होता.

वेतनाचे आकडे दर करारात बदलतात. पण आपल्या वतीने कोण बोलेल हे ठरवण्याचा हक्क कामगाराकडे नसेल, तर चांगला करारसुद्धा त्याला मिळालेले दान ठरते. पडताळणी गुप्त मतदानानेच होईल असे कायद्यात लिहून घेणे, यंत्रमाग आणि ऊसतोडणी कामगारांची नावे नोंदवून घेणे, आणि आपल्या प्रत्येक संघटनेत मतपेटी ठेवणे, ही तीन कामे आपल्यापुढे आहेत. पहिल्यासाठी दिल्लीकडे आणि दुसऱ्यासाठी मुंबईकडे जावे लागेल. तिसऱ्यासाठी कोणाकडेही जावे लागत नाही. ते येत्या वार्षिक सभेत करता येईल.